वॉटरगेटचा न लागलेला निकाल

१७ जून १९७२ रोजी पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेल्या पाच जणांना पोलिसांनी पकडले. दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली आहे हे फ्रँक विल्स या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या ध्यानात आले नसते, तर हे प्रकरण कदाचित उजेडातच आले नसते. तेथून निघालेला धागा दोन वर्षांत अध्यक्षांच्या दालनापर्यंत पोहोचला आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी रिचर्ड निक्सन यांना पायउतार व्हावे लागले.

तेव्हापासून या प्रकरणाचे तात्पर्य एका वाक्यात सांगण्याचा प्रघात पडला आहे : लोकशाहीची यंत्रणा कसोटीला उतरली. हे तात्पर्य खोटे नव्हे. पण ते अपुरे आहे.

यंत्रणा म्हणजे अखेर माणसेच. १९७२ च्या निवडणुकीत ५० पैकी ४९ राज्ये जिंकणाऱ्या अध्यक्षाला नकार देणे सोपे नव्हते. तरीही, ध्वनिफितींची मागणी करणारे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाकण्याचा हुकूम पाळण्याऐवजी ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी २० ऑक्टोबर १९७३ रोजी राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम विल्यम रकल्सहाउस यांनीही तो हुकूम मानला नाही. फिती हवाली करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै १९७४ रोजी ८ विरुद्ध ० मतांनी दिला. तो लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर हे निक्सन यांनीच नेमलेले होते. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीतील १७ रिपब्लिकन सदस्यांपैकी ६ जणांनी स्वपक्षाच्या अध्यक्षावरील पहिल्या आरोपाच्या बाजूने मत दिले. यांतले एकही पाऊल आपोआप पडलेले नव्हते.

पुढचे पाऊल मात्र अडले. ८ सप्टेंबर १९७४ रोजी नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण क्षमा बहाल केली. राष्ट्राची जखम भरून यावी, हा त्यांचा हेतू प्रामाणिक असेलही. १९७६ मध्ये ते निवडणूक हरले, त्यालाही ही क्षमा कारण झाली असे मानले जाते. परंतु तिच्यामुळे एक मूलभूत प्रश्न न्यायालयापुढे आलाच नाही : अधिकाराच्या आडून गुन्हा करणारा अध्यक्ष सामान्य नागरिकाप्रमाणे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो काय? निक्सन यांचे निकटचे सहकारी तुरुंगात गेले. ते स्वतः घरी गेले. अध्यक्षाने केलेली गोष्ट बेकायदा ठरत नाही, असे त्यांनी १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट यांना दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले, तेव्हा अनेकांना ते पदच्युत माणसाचे आत्मसमर्थन वाटले.

आज ते तितक्या सहजासहजी बाजूला सारता येत नाही. १ जुलै २०२४ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी असा निर्णय दिला की, राज्यघटनेने केवळ अध्यक्षाकडेच सोपविलेल्या अधिकारांतील कृत्यांना फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे आणि इतर अधिकृत कृत्यांनाही ते निदान गृहीत धरले पाहिजे. खासगी कृत्यांना ते नाही. आता २३ जून १९७२ चे संभाषण आठवावे. सी. आय. ए.च्या करवी एफ. बी. आय.चा तपास थांबविण्याचा बेत त्यात होता, आणि त्याच ध्वनिफितीने निक्सन यांचे पद घालविले. हे तर अध्यक्षाचे अधिकृत कामकाज, असा युक्तिवाद करण्यास आज वकिलाला पूर्वीपेक्षा भक्कम आधार आहे.

क्षमा हे औदार्य असेल, पण ती निकालाची जागा घेऊ शकत नाही. न सोडविलेला प्रश्न मिटत नसतो. तो थांबून राहतो, आणि त्याचे उत्तर पुढे निराळ्या काळातील निराळे न्यायाधीश देतात. महाभियोगाचे शस्त्र काँग्रेसच्या हाती आजही आहे. मात्र ते उचलण्यासाठी पक्षापेक्षा शपथ मोठी मानणारी माणसे लागतात, आणि ती कोणत्याही राज्यघटनेला निर्माण करता येत नाहीत.