गिरगाव चर्च : एका धर्मग्रामाचा इतिहास

ठाकूरद्वार नाक्यावरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने प्रार्थना समाजाकडे जाताना वाटेत संत तेरेसा यांचे चर्च लागते. बसथांब्याला आणि लोकांच्या तोंडी ते नुसते ‘गिरगाव चर्च’ आहे. त्याची स्थापना १७७३ सालची. भोवतालच्या चाळी त्यानंतर कितीतरी वर्षांनी उभ्या राहिल्या. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा या चर्चला १२० वर्षे झाली होती. गिरगावचा इतिहास बहुधा चाळींपासून सांगितला जातो. त्याआधीचे गिरगाव समजून घ्यायचे तर हे चर्च हा एक भरवशाचा दुवा आहे.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री आले. कोळी, भंडारी, कुणबी अशा स्थानिक समाजांतील अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची बोली मात्र मराठीच राहिली. पुढे १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा गेला. कॅथलिक रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, असे त्या करारात स्पष्ट लिहिले होते. राजा प्रोटेस्टंट, प्रजेतला मोठा भाग कॅथलिक आणि पाद्री शेजारच्या पोर्तुगीज सत्तेचे, अशी ती विचित्र मांडणी होती. पाद्री पोर्तुगिजांच्या बाजूने वागतात, हा संशय इंग्रजांच्या मनातून कधी गेला नाही. अखेर १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत फ्रान्सिस्कनांना मुंबईतून जावे लागले आणि चर्चचा कारभार कार्मेलाईट संघाकडे आला. हे पाद्री थेट रोमने पाठवलेले होते. गिरगावच्या चर्चला लाभलेले नाव याच संघाच्या संत तेरेसांचे. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या आविला येथे जन्मलेल्या या संन्यासिनीने कार्मेलाईट मठांच्या जीवनाला नवी शिस्त लावली. तिचा सण १५ ऑक्टोबरला येतो.

गिरगावच्या आधीपासूनचा मोठा धर्मग्राम (एका चर्चभोवतीचा कॅथलिक समुदाय) होता तो काव्हेलचा, म्हणजे आजच्या भुलेश्वर-काळबादेवीच्या बाजूचा. तिथले ‘आशेची माता’ या नावाचे चर्च मुळात किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर होते. तोफांच्या माऱ्याला समोर मोकळी जागा हवी म्हणून अठराव्या शतकात इंग्रजांनी किल्ल्याभोवतीच्या इमारती आणि माडांची बने हटवली. त्यात हे चर्चही पाडले गेले आणि काव्हेलमध्ये नव्याने उभे राहिले. जुन्या जागी मागे राहिला तो क्रूस. क्रॉस मैदानाला नाव मिळाले ते त्याच्यावरून, आणि सर्व धर्मांचे लोक त्याच्यापुढे मेणबत्त्या लावू लागले. काव्हेलचे चर्च पुढे दीर्घकाळ बिशपांचे मुख्य चर्च होते. विसाव्या शतकात तो मान कुलाब्याच्या होली नेम चर्चकडे गेला.

चर्च झाले तेव्हाचे गिरगाव म्हणजे वाड्यांचा मुलूख होता. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट ही नावे त्या बागाईत काळाची साक्ष देतात. चर्चसमोरच्या खोताच्या वाडीला नाव मिळाले ते दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून. त्यांनी इथले जमिनीचे तुकडे ख्रिस्ती कुटुंबांना विकले. लाकडी खांबांचे व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने आणि उतरत्या छपरांची घरे अशी वाडी तिथे वसली. गिरगावच्या धर्मग्रामाचा कणा ही वाडी होती, असे म्हणायला हरकत नाही.

चर्चचा कारभार कोणाकडे असावा, हा वाद मात्र १७२० नंतरही मिटला नव्हता. पाद्री नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा, अशी गोव्याच्या आर्चबिशपांची बाजू होती; तो हक्क रोमचा, असे कार्मेलाईट म्हणत. पहिल्या पक्षाला पाद्रोआदो, दुसऱ्याला प्रोपागांडा म्हणत. १७९४ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईची चार प्रमुख चर्चे दोघांत वाटून दिली : माझगाव आणि दादर गोव्याकडे, काव्हेल आणि माहीमचे संत मायकेल कार्मेलाईटांकडे. एकाच गल्लीतल्या, एकाच बोलीच्या, कधी एकाच कुटुंबातल्या माणसांना दोन वेगळ्या बिशपांचे हुकूम मानावे लागले. या भांडणाने सामान्य श्रद्धाळूंना सोसावा लागलेला त्रास मोठा होता. १८५० च्या दशकात कार्मेलाईट जाऊन येशूसंघाचे जर्मन पाद्री आले, तरी दुहेरी सत्ता संपली ती १९२८ मध्ये, व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यातल्या कराराने. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

दरम्यान धर्मग्रामातली माणसेही बदलली. नोकरीसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून कॅथलिक येऊ लागले. धोबीतलाव-गिरगाव भागात गोव्याच्या एकेका गावाच्या लोकांनी चालवलेले ‘कूड’ उभे राहिले. बोटीवर काम करणारे खलाशी तिथे राहत. मूळच्या मुंबईकर ख्रिस्त्यांनी आपली वेगळी ओळख सांगण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. फुग्या, बॉटल मसाला, लुगडे आणि मराठी लग्नगीते ही त्यांची मिरास.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे गोव्याचे कॅथलिक. काव्हेलमधल्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्या साथीच्या दिवसांत मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत जागोजाग क्रूस उभारले गेले. क्रूसापाशी जमून मे महिन्यात लितानी (सामूहिक प्रार्थना) म्हणण्याची प्रथा अजून काही वाड्यांत आहे.

चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, शतकानुशतके लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ दरम्यानच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकांच्या भाषांत होऊ लागली. परिषद चालू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले होते. भारतात आलेले ते पहिले पोप.

गेल्या काही दशकांत जागेच्या किमती वाढल्या, खोताच्या वाडीतली बरीच घरे पडून त्या जागी इमारती आल्या आणि अनेक कुटुंबे पश्चिम उपनगरांत गेली. तरी धर्मग्रामाशी त्यांचा एक संबंध सुटत नाही. कॅथलिक नियमानुसार माणसाचा बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला, तिथल्याच नोंदवहीत पुढे त्याच्या दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराची) आणि लग्नाचीही नोंद होते, मग ते लग्न कुठेही लागो. लग्न ठरले की बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागतो. त्यामुळे गिरगावात बाप्तिस्मा झालेला माणूस बोरिवलीत राहत असला, तरी दाखल्यासाठी त्याला गिरगाव चर्चच्याच कचेरीत अर्ज करावा लागतो.