निर्जन आणि ओस : आत्जे यांच्या छायाचित्रांच्या निमित्ताने

रिकाम्या रस्त्याचे वा पडक्या उद्यानाचे छायाचित्र पाहताना मनात गतकाळाविषयी हुरहुर दाटून येते. ही हुरहुर चित्रातच असते, की पाहणारा ती आपल्याबरोबर आणतो? फ्रेंच छायाचित्रकार यूजेन आत्जे (१८५७–१९२७) यांच्या चित्रांच्या आधारे या प्रश्नाचा भाषेच्या अंगाने विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत ‘निर्जन’ व ‘ओस’ हे शब्द पुष्कळदा समानार्थी मानले जातात. परंतु त्यांचे प्रयोग निराळे आहेत. बेट निर्जन असते. गाव ओस पडते. ‘निर्जन’ हा शब्द केवळ माणसांचा अभाव सांगतो. ‘ओस’ या शब्दाशी बहुधा ‘पडणे’ हे क्रियापद येते आणि पूर्वी येथे वस्ती होती, ती आता उरली नाही, असा कालक्रम त्यातून सूचित होतो. छायाचित्रास क्रियापद नसते. स्थळ निर्जन आहे एवढेच ते दाखवू शकते; ते ओस पडले आहे की नाही, हे चित्राबाहेरून कळावे लागते.

आत्जे यांनी १८९८ च्या सुमारास जुन्या पॅरिसमधील गल्ल्या, अंगणे, जिने व दुकाने टिपण्यास आरंभ केला. १८ × २४ सेंटिमीटरच्या काचेच्या तबकड्यांवर घेतलेल्या या चित्रांत माणसे क्वचितच दिसतात. १९३१ साली वाल्टर बेन्यामिन यांनी या रिकाम्या रस्त्यांना गुन्ह्याच्या जागेची उपमा दिली. तथापि या रितेपणाचे एक कारण तांत्रिक आहे. आत्जे पुष्कळदा भल्या सकाळी काम करीत आणि तबकडीवर प्रकाश दीर्घ काळ पडू देत. त्यामुळे चालता माणूस धूसर छायेसारखा उमटे, किंवा उमटतच नसे. अशा गल्ल्या त्या क्षणी निर्जन होत्या, ओस नव्हत्या.

पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या ‘सो’ येथील उद्यानाची गोष्ट वेगळी. १९२५ च्या मार्च ते जून या काळात आत्जे तेथे गेले, तेव्हा ते जुने राजेशाही थाटाचे उद्यान खरोखरच उपेक्षेने रानवट झाले होते. या चित्रांवर त्यांनी महिन्याबरोबर सकाळची वेळही नोंदविली आहे. गल्लीचे चित्र आणि उद्यानाचे चित्र शेजारी ठेवल्यास दोन्ही सारखीच उदास भासतात. त्यांतील भेद डोळ्यांना नव्हे, नोंदीमुळे कळतो.

याहून उद्बोधक अशी एक नोंद त्यांच्या काही चित्रांवर आढळते : ही वास्तू नाहीशी होणार आहे. येथील क्रियापद भविष्यकाळी आहे. चित्र घेणाऱ्यापुढे वास्तू उभी होती; आपण ते वाक्य वाचतो तेव्हा मात्र त्याचा भूतकाळ झालेला असतो. हुरहुर उपजते ती या दोन काळांमधील अंतरातून.

‘नॉस्टाल्जिया’ हा शब्द योहानेस होफर यांनी १६८८ साली बाझेल येथील प्रबंधात घडविला. ग्रीक भाषेतील ‘परत येणे’ व ‘वेदना’ या अर्थांचे दोन शब्द त्यांनी जोडले. तो एका आजाराचे नाव होता आणि स्वदेशी परतणे हा त्यावरील उपाय होता. पुढे स्थळाची जागा काळाने घेतली, आणि परतीची वाट खुंटली. मराठीतील ‘स्मरणरंजन’ या पर्यायात तर वेदना गळून रंजन तेवढे उरले आहे. आत्जे यांच्या कामाला हा शब्द लावणे अन्यायाचे होय. ते आपल्या चित्रांना दस्तऐवज म्हणत. हानी होण्यापूर्वीच ते तिची नोंद करीत होते.

१९२० साली त्यांनी २,६२१ तबकड्या फ्रेंच शासनास १०,००० फ्रँकांना विकल्या. त्यांच्या मृत्यूनंतर उरलेला संग्रह छायाचित्रकार बेरेनिस ॲबट यांनी जपला व १९६८ साली तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. अशा संग्रहांत चित्राइतकेच त्यावरील स्थळ, दिनांक व टिपण जपणे अगत्याचे आहे. ती अक्षरे पुसली गेली, तर ओस पडलेले नगर केवळ निर्जन दिसू लागेल, आणि तेथे कोणी राहत होते हे सांगणारे काहीच उरणार नाही.