काचपेटीत मासे किती व कोणते?

महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहात कुरमुरे टाकले की महसीर जातीचे मोठमोठे मासे थव्याने वर येतात. वरदायिनी देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी पकडीत नाही. तो देखावा पाहून परतलेल्या माणसास मासे हे दाटीवाटीनेच राहणारे प्राणी आहेत असे वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु त्या डोहामागे अख्खी नदी उभी असते. घरातील किंवा शाळेतील काचपेटीत मासा आपल्याच सांडपाण्यात राहतो. किती मासे ठेवावेत, या प्रश्नाचे उत्तर या एका भेदात आहे.

माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. तळाच्या वाळूवर व गाळणीत वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत हे जीवाणू पुरेसे होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणली त्याच दिवशी डझनभर मासे सोडले आणि पंधरवड्यात निम्मे मेले, ही तक्रार नेहमीची आहे. दोष बहुधा माशांचा नसतो, घाईचा असतो. आरंभी दोन-तीनच मासे सोडावेत व महिन्याभराने भर घालावी.

आता हिशेब पाहू. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीचे आकारमान ५४ लिटर भरते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे ४५ लिटर राहते. दोन लिटर पाण्यास एक सेंटिमीटर लांबीचा मासा, असा जुना ढोबळ नियम आहे. त्याप्रमाणे २२ सेंटिमीटर, म्हणजे तीन सेंटिमीटरचे सात मासे होतात. लांबी मात्र पूर्ण वाढलेल्या माशाची धरावयाची, दुकानातील पिलाची नव्हे. शिवाय हा नियम लहान माशांपुरताच खरा आहे. लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते आणि घाणही त्या मानाने वाढते. म्हणून दहा सेंटिमीटरचा एक मासा पाच सेंटिमीटरच्या दोन माशांबरोबर मोजता येत नाही.

महाड-पोलादपूरकडे आणखी एक गोष्ट हिशेबात घ्यावी लागते, ती म्हणजे वीज. हवेचा पंप चालू असताना दाटी खपून जाते. पंप थांबला की तीच दाटी जिवावर उठते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसातच. मे महिन्याच्या उकाड्यात वा पावसाळी वादळात वीज तासन् तास गेली, तर पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावरच माशांची सारी भिस्त असते. यास्तव पंपाविना एक दिवस निघेल इतकेच मासे ठेवणे शहाणपणाचे. उंच, अरुंद पेटी आणि गोल काचपात्र दिसावयास सुबक असले तरी याच कारणाने टाळावे.

जातीची निवड

आरोग्य खात्यामुळे ग्रामपंचायत सदस्यांच्या ओळखीचा झालेला गप्पी मासा नवशिक्यास उत्तम. मात्र केवळ नर ठेवावेत. मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिले देते, आणि एकदा नराचा संग झाल्यावर पुढे कित्येक महिने नराविनाही देत राहते. सात माशांचा हिशेब मग कागदावरच राहतो. झेब्रा मासा भारतातलाच आहे. तो चपळ व काटक असला तरी सहा-सातांच्या थव्यातच स्वस्थ राहतो. फायटर मासा वातावरणातील हवाही घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेल्याने तो सहसा गुदमरत नाही. पण एका पेटीत एकच नर ठेवावा, कारण दोन नर एकमेकांस फाडतात.

सर्वांत जास्त मागणी गोल्डफिशला, आणि लहान पेटीस सर्वांत अयोग्य तोच. तो वीतभर वाढतो व घाणही फार करतो. एंजल मासा मोठा झाला की गप्पींना गिळतो. वलगणीच्या दिवसांत मुले बाटलीतून जी पिले आणतात, त्यांत मरळीचे पिलू असले तर काही महिन्यांत पेटीत ते एकटेच उरते! अशी पिले मुलांना पाहू द्यावीत आणि त्याच दिवशी त्याच ओढ्यात सोडावयास लावावीत.

दुकानातून आणलेल्या माशांची गोष्ट वेगळी. काच चाटून साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. तो हातभर वाढतो आणि मग नको वाटून नदीत सोडला जातो. गप्पीही परदेशीच आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री, गांधारी व काळ या नद्यांचे पाणी महाडच्या वस्तीत शिरले होते. अशा गावी विहीर, शेततळे आणि नदी यांच्यामधील सीमा एका रात्रीत पुसली जाऊ शकते. पेटी मोडावयाची झाल्यास मासे दुसऱ्या शाळेस द्यावेत अथवा दुकानदारास परत करावेत. ओढ्यात सोडू नयेत, आणि पुण्य म्हणून वाळणकोंडात तर मुळीच नाही.

नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून, दर आठवड्याला पेटीतील चौथा हिस्सा पाणी बदलावे. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. शाळेत हे काम एकाच विद्यार्थ्याकडे असावे. चौघांकडे दिले की मासे चार वेळा जेवतात.