शंकेची खातरजमा: मंत्रचळासंबंधी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा तिचे आरंभीचे रुग्ण वेड रोड आणि कतारगाम या दाट वस्तीच्या व कारखानदारीच्या भागांत आढळले. पाहता पाहता टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या, आणि हिऱ्यांच्या व कापडाच्या धंद्यावर पोट असलेल्या लाखो लोकांनी शहर सोडले. त्या भीतीला प्रत्यक्ष कारण होते, तिच्यावर उपाय होता, आणि म्हणूनच तिला अंतही होता: साथ ओसरली, लोक परतले, आणि पुढल्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत महानगरपालिकेने शहराच्या साफसफाईचा असा कडक बंदोबस्त केला, की ज्या सुरतेची घाण देशभर बदनाम झाली होती तिचेच नाव पुढे स्वच्छ शहरांच्या यादीत अग्रभागी येऊ लागले.

परंतु जिला साथीची गरज लागत नाही आणि साबणाने, पाण्याने किंवा कुणाच्या आश्वासनाने जिचा शेवट होत नाही, अशी एक निराळी भीती कतारगामातील चाळींत आणि सोसायट्यांत, किंबहुना प्रत्येक गावी, काही माणसांच्या मनात ठाण मांडून असते. तिला मराठीत मंत्रचळ म्हणतात आणि दवाखान्यात ओसीडी. या विकाराची दोन अंगे असतात. नको असताना पुन्हा पुन्हा मनात शिरणारा आणि जिवाला कासावीस करणारा विचार हे पहिले. त्या तगमगीतून सुटण्यासाठी करावीच लागते अशी कृती, मग ती धुण्याची असो, तपासण्याची असो, मोजण्याची असो वा मनातल्या मनात जप करण्याची असो, हे दुसरे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, जिच्यात गुजरातचाही समावेश होता, हजारी सुमारे आठ प्रौढांना हा विकार असल्याचे आढळले. इतक्या लोकांना ग्रासणाऱ्या या विकाराविषयी जे समज समाजात रूढ आहेत, त्यांतील बहुतेक रुग्णाला बरे होण्याच्या वाटेवरून मागे खेचणारे आहेत; म्हणून त्यांची एकेक करून छाननी करणे अगत्याचे वाटते.

गैरसमज: हा स्वच्छतेचा अतिरेक आहे, टापटिपीचा गुण जरा वाढला इतकेच.

वस्तुस्थिती: टापटिपीच्या माणसाला आपल्या टापटिपीत समाधान मिळते; मंत्रचळाच्या रुग्णाला आपल्या कृतीत समाधान नसते, केवळ घटकाभर सुटका असते. शिवाय अनेक रुग्णांचा स्वच्छतेशी काडीचाही संबंध नसतो. हिऱ्याच्या कारखान्यात पुडीतले खडे मोजून घेणे आणि मोजून परत देणे हा रोजचा शिरस्ता आहे, आणि जोखमीचा माल हाताळणाऱ्या रत्नकलाकाराने ते दोनदा मोजले तर ती दक्षताच होय. पण दोनदा बरोबर भरलेली मोजणी ज्याला नवव्या वेळीही बरोबर वाटत नाही, पुडी जमा केल्यावर जिन्यावरून जो परत फिरतो, आणि घरी जेवायला बसल्यावरही ज्याची बोटे ताटाच्या काठावर मनातले खडे मोजत राहतात, त्याची दक्षता संपून आजार सुरू झालेला असतो. वैद्यकाची ढोबळ कसोटी अशी, की या विचारांत व कृतींत दिवसाचा तासाहून अधिक काळ जात असेल, किंवा त्यांपायी संसार, काम, शिक्षण यांची हानी होत असेल, तर तो स्वभाव न मानता विकार मानावा.

गैरसमज: मनात वाईट विचार येतो, त्या अर्थी माणूसच मनातून वाईट असला पाहिजे.

वस्तुस्थिती: या समजाइतका निर्दय समज दुसरा नाही. नुकतीच बाळंत झालेली एखादी मुलगी, तान्ह्याला न्हाऊ घालताना, ‘हे माझ्या हातून पाण्यात बुडाले तर?’ या विचाराने शहारते, पुढे न्हाणीघरात जाण्याचेच टाळते, स्वयंपाकघरातली विळी दृष्टीआड ठेवते, आणि आपण राक्षसीण आहोत या लाजेने सख्ख्या आईपाशीही तोंड उघडत नाही. 1978 मध्ये स्टॅन्ले रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा या संशोधकांनी असे दाखवून दिले, की अशा जातीचे अनाहूत विचार कोणताही विकार नसलेल्या बहुसंख्य माणसांच्या मनातही येतात; ती माणसे त्यांना महत्त्व देत नाहीत, म्हणून ते आले तसे जातात. रुग्ण मात्र त्या विचाराला आपल्या चारित्र्याचा दाखला समजतो. ज्या मूल्यावर माणसाचा जीव जडलेला असतो नेमके त्याच्यावरच हे विचार घाव घालतात; त्या मुलीला विचाराची जी किळस वाटते, ती तिच्या वात्सल्याचीच खूण आहे. याउलट बाळंतिणीला असले विचार पटू लागले, भास होऊ लागले किंवा तिचे वागणे भरकटले, तर ती गोष्ट निराळी आणि तातडीची समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गैरसमज: विचार मनातून काढून टाकला, निर्धार केला, की झाले.

वस्तुस्थिती: 1987 मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले, अस्वल त्यांच्या मनात वारंवार येत राहिले, आणि बंदी उठल्यावर, ज्यांना कधी मनाई केलीच नव्हती त्यांच्यापेक्षाही अधिक वेळा आले. निरोगी मनाची जर ही गत, तर भीतीने पोळलेल्या मनाला ‘तो विचार सोडून दे’ असे बजावण्याने काय साधणार? विचार येणे आपल्या हातात नसते, त्याला उत्तर देणे किंवा न देणे आपल्या हातात असते, हा बरे होण्याच्या मार्गावरील पहिला धडा होय. विचार आला की त्याच्याशी वाद घालू नये, त्याला हाकलू नये, ‘हा माझ्या आजाराचा विचार आहे, तो खरा असेल, नसेलही, मी हातातले काम पुढे चालू ठेवतो’ एवढीच त्याची नोंद घ्यावी आणि खरोखरच काम पुढे चालवावे.

गैरसमज: घरच्यांनी एकदा नीट खात्री पटवून दिली, की शंका फिटेल.

वस्तुस्थिती: ‘अहो, गॅस बंद केला ना मी?’ ‘केलास गं.’ ‘नक्की पाहिलंत?’ ‘पाहिलं.’ हा संवाद रात्री दहाला सुरू होतो आणि बाराला संपत नाही. प्रेमापोटी दिलेले प्रत्येक उत्तर क्षणभर दिलासा देते आणि मेंदूला शिकवून ठेवते, की शंका गंभीर होती म्हणूनच तिची खातरजमा करावी लागली. सावकाराला व्याज भरत राहावे आणि मुद्दल मात्र दरमहा वाढतच जावे, तसा हा व्यवहार आहे. घरच्यांनी रुग्णासाठी वेगळे ताट ठेवणे, बाहेरून आल्याबरोबर सर्वांनी कपडे बदलणे, त्याच्या वतीने कड्या तपासणे, ही सारी मदत आजाराच्या पदरात पडते. तथापि ती एका दिवसात हिसकावून घेणे किंवा रुग्णावर खेकसणे हेही तितकेच घातक. शांत वेळी दोघांनी मिळून ठरवावे, की अमुक प्रश्नाला यापुढे उत्तर मिळणार नाही. आणि तो प्रश्न आला म्हणजे पतीने म्हणावे, ‘अगं, हा प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे. उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.’ या वाक्यातील नकार आणि सोबत, दोन्ही औषधी आहेत.

गैरसमज: सोवळे, नवस, ग्रहशांती किंवा लग्न केल्याने हे सुटते.

वस्तुस्थिती: श्रद्धेशी या विकाराचे वैर नाही, पण श्रद्धेचा वेष तो सहज घेतो. धर्मातल्या विधीला संख्या असते आणि समाप्ती असते: माळेचे मणी एकशे आठ, ते ओढून झाले की जप देवाला पोचला अशी भाविकाची निश्चिंती असते. मंत्रचळाच्या रुग्णाला एकशे आठावा मणी संशयास्पद वाटतो, मध्ये अमंगळ शब्द मनात आला म्हणून तो आरंभापासून सुरुवात करतो, आणि देव्हाऱ्यासमोर त्याला शांतीऐवजी धाक मिळतो. अशा वेळी नवे व्रत लावून देणे म्हणजे आजाराच्या हाती नवे हत्यार देणे होय. लग्नाची तजवीजही अशीच फसवी: नव्या घरात नव्या जबाबदाऱ्यांबरोबर शंकांना नवे विषय मिळतात, आणि ज्याला काही सांगितलेलेच नाही असा जोडीदार अकारण भरडला जातो.

गैरसमज: यावर खरा उपाय असा नाहीच.

वस्तुस्थिती: 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी, दीर्घकाळ बऱ्या न झालेल्या दोन रुग्णांना त्यांच्या भीतीच्या विषयांसमोर आणून, परिचारिकांच्या सतत देखरेखीखाली त्यांच्या ठरीव कृती रोखल्या, आणि दोघांतही ठळक सुधारणा घडली. भीतीला सामोरे जाणे आणि प्रतिक्रिया रोखणे ही उपचारपद्धती तेथून वाढली, व आज ती या विकारावरील मुख्य मानसोपचार मानली जाते. 1992 मध्ये लॉस एंजेलिस येथे ल्युइस बॅक्स्टर आणि जेफ्री श्वार्ट्झ प्रभृतींनी मेंदूच्या चित्रणातून असे दाखविले, की ज्या रुग्णांना वर्तनोपचाराने गुण आला त्यांच्या मेंदूतील कॉडेट न्यूक्लियस या भागाची वाढीव क्रियाशीलता, औषधाने गुण आलेल्यांप्रमाणेच, उतरली होती.

ही पद्धती कशी चालते ते तपशिलाने पाहू. बाजारातून आणलेल्या सुट्या पैशांची शिसारी बसलेली, नोटा हाताळल्यावर कोपरापर्यंत हात धुणारी आणि म्हणून हातांची कातडी फाटलेली एखादी गृहिणी कल्पावी. उपचारक तिच्यासह भीतीच्या प्रसंगांची यादी करतो आणि प्रत्येकास शून्य ते शंभर गुण देववतो: दाराच्या कडीला तीस, भाजीवालीने परत केलेल्या नाण्यांना पन्नास, चुरगळलेल्या नोटेला सत्तर, तीच नोट हाताळून पोराला जवळ घेण्यास पंच्याण्णव. आरंभ तिसाने होतो. कडीला हात लावायचा, आणि धुवायचा नाही. जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, नळ हाका मारू लागतो. पण नळाकडे न जाता ती तशीच भाजी निवडायला बसली, तर बहुधा काही वेळाने ती लाट आपोआप खाली येते, आणि जरी लवकर आली नाही, तरी ती सोसता येते हे तिच्या अनुभवास येते. हाच पाठ रोज, मग पुढची पायरी. पहिल्या दिवशी धुणे अजिबात टाळणे न जमल्यास ते दहा मिनिटे लांबवावे, मग वीस. लांबवलेली कृती पुष्कळदा गळूनच पडते. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने एकवार हात धुण्याचा सर्वसाधारण नियम मात्र अबाधित राहतो. उपचार घाणीची गोडी लावत नाही, घाणीची दहशत मोडतो. साधारणतः बारा ते वीस बैठकांत हा अभ्यास होतो, आणि खरे काम बैठकांच्या मधल्या दिवसांत घरीच घडते.

गैरसमज: डोक्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या, त्यांची सवय लागते.

वस्तुस्थिती: या विकारावर प्रामुख्याने फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन यांसारखी औषधे, आणि गरजेनुसार क्लोमिप्रामिन हे जुने औषध दिले जाते. ही झोपेची औषधे नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. पण नैराश्यापेक्षा येथे मात्रा बहुधा जास्त लागते आणि गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे जातात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळ्या फेकून देणारे अनेक जण उपचाराच्या उंबरठ्यावरूनच परततात. गुण आल्यावरही गोळ्या निदान वर्ष-दोन वर्षे चालू ठेवतात, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. एकाएकी थांबवल्यास त्रास होतो. तीव्र विकारात औषध आणि वर्तनोपचार यांची जोड विशेष उपयुक्त ठरते.

गैरसमज: एकदा आजार उलटला, म्हणजे सारे कष्ट वाया गेले.

वस्तुस्थिती: जागरण, परीक्षा, बाळंतपण, घरातले आजारपण, कारखान्यातील मंदी अशा ताणाच्या दिवसांत जुन्या शंका डोके वर काढतात, हा या विकाराचा ठाऊक असलेला क्रम आहे. एकदा आत्मसात झालेली कला त्यामुळे नाहीशी होत नाही. कोणत्या पायऱ्या आपण चढलो आणि कोणत्या युक्त्यांनी चढलो, याची एक वही ठेवावी, शंका उलटताच त्यातला सोपा पाठ पुन्हा हाती घ्यावा, आणि झोप, व्यायाम व रोजचे काम यांचा क्रम मोडू देऊ नये. आयुष्यातून शंका कायमची हद्दपार होणे हे बरे होण्याचे माप नव्हे. शंका दाराशी उभी असताना माणूस कामावर गेला, पोराला कुशीत घेऊ शकला, सणाला चार घरी जेवून आला, हे त्याचे माप होय.

कतारगामातील मराठी माणसाला मदतीसाठी दूर जावे लागत नाही. मजुरा गेटजवळील नवीन सिव्हिल हॉस्पिटल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे मनोविकार विभाग आहेत. 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या केंद्र सरकारच्या सेवेच्या 14416 क्रमांकावर मराठीत आणि गुजरातीत, नाव गुप्त ठेवून, विनाशुल्क बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा उपचारांचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे आणि वैद्यकीय विम्यातही मनोविकारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान देण्याची सक्ती विमा कंपन्यांवर केली आहे. या विकाराच्या जोडीला नैराश्य पुष्कळदा येते. जीव देण्याचा विचार बोलून दाखवला गेल्यास एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे. डॉक्टरांसमोर लाजेखातर अर्धेच सांगू नये: जो विचार उच्चारणे सर्वांत अवघड वाटते तोच प्रथम सांगावा, कारण त्यांनी तो विचार अनेकांच्या तोंडून ऐकलेला असतो आणि उपचाराची सुरुवात त्यापासूनच करायची असते.