पुणे ते नागपूर : अंतर नक्की कोणतं?

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या वैदर्भीयांच्या गप्पा दोन गोष्टींवर येतात. नागपूर किती लांब, आणि विमानाला किती वेळ? प्रत्येकाचा आकडा वेगळा. गंमत म्हणजे आकडे बहुधा बरोबर असतात, चुकीच्या ठिकाणी वापरले जातात इतकंच.

गैरसमज : विमानालाही सातशे किलोमीटर कापावे लागतात.

सातशेच्या वर जातं ते रस्त्याचं अंतर. रेल्वे दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालते, म्हणून ती 880 किलोमीटरच्या घरात जाते. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत सरळ रेष मात्र सुमारे 605 किलोमीटरच भरते. ठरलेले हवाई मार्ग आणि धावपट्टीची दिशा यांमुळे विमान त्याहून थोडं जास्त उडतं.

याच अंतराचा 327 असा आकडा कुठे दिसला तर दचकू नका. ते सागरी मैल आहेत, आणि असा एक मैल 1.852 किलोमीटरचा. साधा मैल समजून गुणाकार केलात तर नागपूर एकदम 80 किलोमीटर अलीकडे सरकतं!

गैरसमज : वेग ताशी 830, मग प्रवास पाऊण तासाचा. कंपन्या उगाच दीड तास लावतात.

थोडा वेळ कंपन्या राखून ठेवतात, हे खरं. वाटेत उशीर झाला तरी वेळापत्रक सांभाळता यावं म्हणून. पण मुख्य कारण वेगळं आहे. 830चा वेग वर पोहोचल्यावरचा. दहा हजार फुटांखाली साधारणपणे ताशी 460 किलोमीटरच्या आसपास मर्यादा असते. छत्तीस हजार फुटांवरून खाली यायला पायलट जवळपास 200 किलोमीटर आधीच सुरुवात करतो, आणि चढायलाही साधारण तेवढंच अंतर लागतं. उरले किती? दोनशे किलोमीटर, म्हणजे पंधरा मिनिटं. चहाची ट्रॉली मागच्या रांगेपर्यंत पोहोचते न पोहोचते, तोच पट्टे बांधायची सूचना येते, ती यामुळेच.

शिवाय तिकिटावरचा सव्वा ते दीड तास हा विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा असतो. हवेतला वेळ त्यातला तासाभराचाच. लोहगाव हा वायुसेनेचा तळ, धावपट्टी एकच, तीवरच लढाऊ विमानंही उडतात. जमिनीवर ताटकळणं आलंच.

छोट्या एटीआर विमानाचा वेग ताशी 500च्या आसपास असतो. तरी इतक्या अंतराला ते जेटपेक्षा फार तर वीस-पंचवीस मिनिटंच जास्त घेतं.

गैरसमज : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून नागपूरहून पुण्याला लवकर येता येतं.

पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर येतात. म्हणजे हिशेब उलटाच, आणि तोही काही मिनिटांचा.

राहता राहिली तुमची घाई. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर सुटण्याच्या वेळेआधी साधारण तासभर बंद होतो, आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. घरून निघायची वेळ त्या तासावरून ठरवा, हवेतल्या तासावरून नको.