रंगांविना चित्र

हिरव्यागार पानांत उमललेले जास्वंदीचे तांबडे फूल दुरूनही नजरेत भरते. त्याचे रंगीत छायाचित्र काढावे आणि ते संगणकावर कृष्णधवल करावे, तर कधी कधी मोठे नवल घडते. फूल जणू नाहीसेच होते! पाने करडी आणि फूलही तेवढेच करडे. कोठे फूल संपले आणि कोठे पान सुरू झाले, हे शोधावे लागते. असे का व्हावे?

डोळा रंग पाहतो, तेव्हा तो दोन गोष्टी एकाच वेळी टिपतो. रंग तांबडा आहे की हिरवा, ही पहिली गोष्ट. तो किती उजळ आहे, ही दुसरी. कृष्णधवल चित्रात पहिली गळून पडते आणि केवळ दुसरी उरते. तांबडा आणि हिरवा हे रंग परस्परांहून अगदी भिन्न खरे. परंतु त्यांचा उजळपणा सारखा असू शकतो. रंगाचा आधार सुटताच असे दोन रंग एकमेकांत मिसळून जातात.

संगणकातील छायाचित्र लक्षावधी सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी तीन अंक नोंदलेले असतात : तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे. ते बहुधा ० ते २५५ या मर्यादेत असतात. या तिन्हींचा मिळून करड्या रंगाचा एकच अंक करावयाचा असतो. ० म्हणजे गडद काळा आणि २५५ म्हणजे शुभ्र पांढरा. मानवी डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद भासतो. म्हणून एका रूढ रीतीत तांबड्याचे ३०, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन बेरीज करतात.

समजा, फुलाचे अंक २००, ३० व ४० आहेत आणि पानाचे ५०, १०५ व ४५ आहेत. बेरीज करून पाहावी. दोहोंचे उत्तर सुमारे ८२ येते! फूल हरवते ते येथे. आता केवळ तांबड्याचे अंक घेतले, तर फूल २०० आणि पान ५०. गडद पानांवर फूल उजळून उठते. केवळ हिरव्याचे घेतले, तर फूल ३० आणि पान १०५. फूल काळेभोर दिसते. छायाचित्र तेच, परंतु चित्रे निराळी.

ही युक्ती संगणकापेक्षा जुनी आहे. पूर्वी छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या भिंगापुढे रंगीत फिल्टर लावीत. १९२७ साली अमेरिकेतील योसेमिटी दरीत ॲन्सेल ॲडम्स हा छायाचित्रकार ‘हाफ डोम’ नावाच्या प्रचंड कड्याचे चित्र घेत होता. पिवळ्या फिल्टरने आकाश हवे तेवढे गडद येणार नाही, हे ध्यानी येताच त्याने गडद तांबडा फिल्टर लावला. त्या फिल्टरने आकाशाचा निळा प्रकाश अडविला. आकाश जवळजवळ काळे झाले आणि त्यावर कड्याची भव्यता उठून दिसली.

काळ्या-पांढऱ्यातील या भेदाला उठाव म्हणतात. तो आणखीही वाढविता येतो. धुक्यातील एखाद्या किल्ल्याच्या चित्रात सारे अंक ९० ते १७० यांच्या दरम्यान असतील, तर चित्र फिकट दिसते. तेथे ९० ला ० आणि १७० ला २५५ केले व मधले अंक त्याच प्रमाणात ताणले, की प्रत्येक भेद तिपटीहून अधिक वाढतो. तट, बुरूज आणि कडे स्पष्ट दिसू लागतात.

परंतु उठावाचा लोभ अनावर होता कामा नये. ९० आणि १७० यांऐवजी ११० आणि १५० या मर्यादा धरल्या, तर ११० खालचे सारे काळे आणि १५० वरचे सारे पांढरे होते. झाडीतील पायवाट अंधारात बुडते, ढगांच्या कडा पांढऱ्यात विरतात. त्या चित्रातून त्या पुन्हा काढता येत नाहीत. कारण भिन्न अंक एकदा एक झाले, की पूर्वी कोणता अंक कोठे होता हे सांगावयास काही उरत नाही. म्हणून सुज्ञ छायाचित्रकार मूळ रंगीत चित्र सदैव जपून ठेवतो आणि त्याच्या प्रतीवरच काम करतो. काय उजळावे, याइतकाच काय बुडू देऊ नये याचाही तो विचार करतो.