बारीक अक्षरांचं पान

नागपूरच्या विक्रेत्याने पुस्तकाचे चार फोटो पाठवले होते, चारही मुखपृष्ठाचे. मी लिहिलं, "भाऊ, कव्हर पुरे. आत पुस्तकाचं नाव छापलेलं पान आहे ना, ते उलटा. मागे बारीक अक्षरांत मजकूर असेल, त्याचा एक फोटो पाठवा." थोड्या वेळाने उत्तर आलं, "सर, तिथं काही नाही जी, नुसतं कॉपीराइटचं लिहिलं आहे." मला तेवढंच हवं होतं. फोटो आला, मोठा करून पाहिला आणि लगेच पैसे पाठवले.

पुस्तक होतं डॅनियल ज्युराफ्स्की आणि जेम्स मार्टिन यांचं 'स्पीच अँड लँग्वेज प्रोसेसिंग'. भाषा आणि संगणक यांच्या अभ्यासाला लागलेल्या कोणालाही हे नाव पहिल्या आठवड्यात ऐकू येतं. पहिली आवृत्ती २००० सालची. तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा लेखकांनीच जालावर ठेवला आहे, कोणीही फुकट उतरवून घ्यावा. तरीही मी दोन महिने दुसरी आवृत्ती शोधत होतो, तीही जुनी, हाताळलेली, परवडेल अशी.

कारण सांगतो. आम्ही तिघं मित्र मराठीसाठी शुद्धलेखन तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहीत आहोत. शब्दांची यादी संगणकात भरून हे काम मराठीत भागत नाही. 'घराजवळच्यांनासुद्धा' हा शब्द कुठल्याच कोशात नाही, पण तो शंभर टक्के बरोबर आहे. संगणकाला तो सोडवावा लागतो: घर, त्याचं सामान्यरूप घरा, मग जवळ, मग 'चा'चं च्या आणि अनेकवचनाचा अनुस्वार, मग ना, मग सुद्धा. सामान्यरूपाची तऱ्हाही दर शब्दाला वेगळी. घोडा घोड्याला होतो, भाऊ भावाला होतो, लाकूड लाकडाला होतं, 'फूल'मधला दीर्घ ऊ 'फुलाला'मध्ये ऱ्हस्व होतो. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त हे सगळं बारकाईने मांडून ठेवलं आहे. पण दामल्यांचा नियम यंत्राला कळेल अशा रीतीने कसा लिहायचा, ते शिकवणारं पुस्तक हवं होतं.

ते ज्युराफ्स्की-मार्टिनच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या तिसऱ्या प्रकरणात आहे. दोन पट्ट्या समोरासमोर ठेवल्या आहेत असं समजा. एकीवर मूळ शब्द आणि त्याची व्याकरणाची ओळख, दुसरीवर आपण प्रत्यक्ष लिहितो ते रूप. यंत्र दोन्ही पट्ट्या एकाच वेळी अक्षराअक्षराने वाचत पुढे सरकतं. त्यामुळे एकदा लिहिलेला नियम शब्द घडवायलाही चालतो आणि सोडवायलाही. पुस्तकातलं उदाहरण इंग्रजी 'फॉक्स'चं 'फॉक्सेस' कसं होतं याचं आहे. या रीतीला खरा जोर आला तो फिनिश भाषेमुळे. किम्मो कोस्केन्निएमी यांनी १९८३ साली हेलसिंकीत याच रीतीवर प्रबंध लिहिला, आणि फिनिशमध्येही मराठीसारखे प्रत्ययांवर प्रत्यय चढतात.

नव्या मसुद्यात हे प्रकरण नाही. आजची संगणकी भाषा-मॉडेलं शब्दाचे तुकडे व्याकरणाने पाडत नाहीत, कुठला तुकडा किती वेळा येतो ते मोजून पाडतात. ज्या भाषेत अमाप मजकूर आहे तिला ते पुरतं. मराठीसाठी, निदान आमच्या कामासाठी, ते पुरलं नाही. म्हणून माझं ठाम मत झालं आहे की या विषयात नवी आवृत्ती आली म्हणजे जुनी बाद झाली असं होत नाही. नव्या आवृत्तीतून जे काढून टाकलं जातं, तेच कित्येकदा आपल्या भाषेला हवं असतं. आणि ते मिळण्याची जागा आता जुन्या पुस्तकांचा बाजार हीच उरली आहे.

पूर्वी मी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात जायचो. अजूनही जातो. पण तिथे येतं ते अभ्यासक्रमाचं पुस्तक, ज्याला दरवर्षी गिऱ्हाईक आहे. भाषाविज्ञानाचं पुस्तक तिथे वर्षातून एखादं दिसतं, तेही योगायोगाने. जालावर मात्र नागपूरच्या माणसाकडे पडलेली प्रत पुण्यात बसून सापडते. अडचण एवढीच की पुस्तक हातात घेऊन चाळता येत नाही, आणि म्हणून ते बारीक अक्षरांचं पान.

त्या पानावर पहिल्यांदा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, पाहायचा. २००६ अखेरपर्यंत तो १० अंकी होता, २००७ पासून १३ अंकी झाला. विक्रेत्यांच्या यादीत हा क्रमांक हाताने टाकलेला असतो आणि एखादा अंक सहज चुकतो. मग आपण मागवतो एक आणि येतं दुसरंच. दुसऱ्या आवृत्तीचा १० अंकी क्रमांक ०१३१८७३२१० आहे. पहिल्या अंकाला १० ने, दुसऱ्याला ९ ने असं उतरत जाऊन शेवटच्याला १ ने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज येते १४३, आणि तिला ११ ने पूर्ण भाग जातो. एक अंक जरी चुकला असता तर भाग गेला नसता. शेवटचा अंकच ही तपासणी व्हावी म्हणून ठेवलेला असतो, आणि तो १० यायला हवा असेल तिथे रोमन दहाचा एक्स छापतात. कागदावर दोन मिनिटांचं काम आहे. मी ते प्रत्येक पुस्तकाला करतो.

त्याखाली बहुतेक परदेशी पुस्तकांवर आकड्यांची एक ओळ असते, दहापासून उतरत जाणारी. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे हे कितवं मुद्रण. आवृत्ती आणि मुद्रण यांत गल्लत करू नये. आवृत्ती बदलली की मजकूर बदलतो, मुद्रण बदललं की बहुधा छापील चुका दुरुस्त होतात. मॅनिंग आणि शूट्झे यांचं १९९९ चं संख्याशास्त्रीय भाषाप्रक्रियेवरचं पुस्तक सूत्रांनी भरलेलं आहे. तिथे एका चिन्हाची चूक दोन दिवस खाते, म्हणून तिथे उशिराचं मुद्रण घ्यावं.

भारतीय आवृत्ती असेल तर क्रमांकात ८१ किंवा ९३ दिसतो आणि 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' अशा अर्थाची सूचना असते. कागद पातळ, किंमत कमी, मजकूर बहुतेक वेळा तोच. अशा स्वस्त आवृत्त्यांवरून अमेरिकेत मोठा खटला झाला होता. थायलंडहून तिकडे शिकायला गेलेल्या सुपाप कर्टसेंग यांनी घरच्यांकडून स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत विकली, वायली या प्रकाशनाने दावा लावला, आणि २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कर्टसेंग यांच्या बाजूने दिला. रीतसर विकत घेतलेली प्रत पुढे विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा, मग ती कुठल्याही देशात छापलेली असो.

झेरॉक्स मारून बांधलेल्या नकली प्रतींचं मात्र असं नाही, त्या घेऊच नयेत. ओळखायला सोपं आहे. मलपृष्ठावरचा बारकोड फुटलेला दिसतो, शिवणीकडची कड काळी असते, आणि आकृत्यांमधल्या करड्या छटा एक तर पांढऱ्या होतात नाही तर काळ्या. वाक्यरचनेचे वृक्ष काढलेल्या पुस्तकात फांद्यांच्या बारीक रेघा आधी पुसल्या जातात.

एकदा मी फसलो. 'पॅरलल डिस्ट्रिब्यूटेड प्रोसेसिंग' हे रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांचं १९८६ चं दोन खंडांचं काम. आजच्या न्यूरल नेटवर्कच्या शिकण्याची पद्धत मांडणारं प्रसिद्ध प्रकरण त्याच्या पहिल्या खंडात आहे. मी पहिला खंड म्हणून मागवला, परदेशातून, डाकखर्च पुस्तकापेक्षा जास्त. पाच आठवड्यांनी पार्सल आलं आणि निघाला दुसरा खंड. विक्रेत्याच्या यादीत दोन्ही खंडांचं नाव एकच लिहिलेलं होतं, आणि बारीक अक्षरांच्या पानाचा फोटो मी त्या वेळी मागितला नव्हता. परत पाठवायचा खर्च परवडणारा नव्हता. बऱ्याच पत्रांनंतर अर्धे पैसे परत मिळाले. त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण तो खंड मी वाचला, आणि आज माझ्या कपाटातून तो कोणी मागितला तर देणार नाही. इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ एक साधं जाळं कसं शिकतं, यावरचं प्रकरण त्यात आहे. मूल आधी अनियमित रूप बरोबर बोलतं, मग नियम कळला की तोच शब्द चुकवतं, आणि पुढे पुन्हा सुधारतं. त्यांचं जाळंही त्याच वाटेने गेलं, असा त्यांचा दावा. १९८८ साली पिंकर आणि प्रिन्स यांनी त्यावर सडकून टीका केली आणि तो वाद पुढे कित्येक वर्षं चालला. माझी भाची तीन वर्षांची असताना 'मी केलं' म्हणायची, मग काही महिने 'मी करलं' म्हणू लागली. पुस्तक वाचताना मला तिचा आवाज ऐकू येत होता.

माझ्या आधी कोणीतरी ती प्रत पेन्सिलीने वाचली आहे. एका तक्त्याच्या समासात त्याने किंवा तिने क्रियापदांचे गट पुन्हा मोजले आहेत, आणि बेरीज जुळल्यावर शेजारी छोटी बरोबरची खूण केली आहे. चाळीस पानांपुढे खुणा थांबतात. मी त्या खोडल्या नाहीत. ही प्रत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातली. आत तारखांची चिठ्ठी, पाकीट, आणि बाद केल्याचा शिक्का. आपल्याकडे ग्रंथालयातून कमी केलेल्या पुस्तकाला निर्लेखित म्हणतात. ग्रंथालयाची प्रत घेताना हा शिक्का पाहूनच घ्यावी. तो नसेल तर ते पुस्तक बहुधा कोणीतरी परत करायचं राहिलेलं असतं, आणि त्याची जागा ग्रंथालयातच आहे.

पार्सल आलं की मी पुस्तक लगेच कपाटात ठेवत नाही. दोन दिवस वेगळं ठेवतो, कण्याच्या पोकळीत आणि पुठ्ठ्याच्या आतल्या कडेला कसर आहे का ते भिंगाने पाहतो, मऊ ब्रशने पानांच्या कडा झाडतो. कडक उन्हात ठेवत नाही. त्याने वास जातो पण जुना कागद कडकडीत होऊन तुटायला लागतो. सावलीत, वाऱ्यावर उघडं ठेवतो. कपाटात वेखंडाची पुरचुंडी असते, आजोबांच्या पोथ्यांजवळ असायची तशीच.

एक पुस्तक मात्र मला अजून मिळालेलं नाही, आणि ते आपल्याच देशात छापलेलं आहे. 'नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग: अ पाणिनियन पर्स्पेक्टिव्ह', प्रेंटिस हॉल ऑफ इंडिया, १९९५. लेखक अक्षर भारती, विनीत चैतन्य आणि राजीव संगल. यातलं अक्षर भारती हे एका अभ्यासगटाने घेतलेलं सामूहिक नाव. भारतीय भाषांत शब्दांचा क्रम सैल असतो, 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'आंबा रामाने खाल्ला' दोन्ही चालतात, तेव्हा वाक्याचं पृथक्करण शब्दाच्या जागेवरून न करता कर्ता, कर्म, करण या कारकांवरून करावं, हा त्यांचा मुद्दा. शाळेत आपण जे घोकलं त्याचं हे संगणकातलं काम. स्कॅन केलेली प्रत वाचायला मिळते, मी ती वाचली आहे. छापील प्रतीसाठी गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी शोध घेतो, लेखकांची नावं वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून. कारण विक्रेते नावं कशीही लिहितात.

दुसरी एक हळहळ सीडीची. बीस्ली आणि कार्टुनेन यांचं 'फायनाइट स्टेट मॉर्फॉलॉजी' २००३ साली निघालं, त्यासोबत प्रोग्रॅमची सीडी होती. मला प्रत मिळाली, पाकीट रिकामं. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, सीड्या आम्ही वेगळ्या करून भंगारात देतो." त्याला दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून ज्यांच्या घरी हा विषय शिकलेलं कोणी आहे, त्यांना एक विनंती. अभियांत्रिकी संपली, नोकरी लागली, पुस्तकं माळ्यावर गेली, आणि दिवाळीच्या साफसफाईत किलोवर रद्दीत चालली, असं होऊ देऊ नका. आवृत्ती जुनी आहे म्हणून टाकू नका. शीर्षकपान उलटा, मागच्या पानाचा स्वच्छ फोटो काढा, आणि पुस्तक जालावर विकायला ठेवा, पन्नास रुपयांना का होईना. मलपृष्ठाच्या आत सीडी चिकटवलेली असेल तर ती तिथेच राहू द्या.